उतारा : वाचकांची पत्रं, एका जुन्या दुकानदाराची उत्तरं

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. बार्शीच्या बाजारात माझं औषधांचं दुकान होतं. १९८९ साली टाकलं, २०११ साली धाकट्या भावाच्या हवाली केलं. पहिली चौदा वर्षं मी पीत होतो. बाटली सलाईनच्या खोक्यामागे असायची आणि गिऱ्हाईक नसलं की मी ‘स्टॉक बघायला’ आत जायचो. आता व्यसनी माणसांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या सोबत बसतो, त्यांना दवाखान्यात घेऊन जातो. मी डॉक्टर नाही. औषधाचा डोस या सदरात मिळणार नाही.

सदराच्या नावावरून दोघांनी विचारलं आहे. सकाळी थरथरणारे हात थांबवायला जो पहिला घोट घेतात, त्याला पिणारे उतारा म्हणतात. माझी आजी नजर लागली की तिठ्यावर ठेवायची, तोही उताराच. संपादकांना मात्र आधी सात-बारा आठवला होता.

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांत ‘कृपया नाव छापू नये’ हे वाक्य सगळ्यात वर आहे आणि प्रश्न त्याच्या खाली.

*

माझे मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. रोज एक क्वार्टर घेतात, त्याच्या वर नाही, असं ते म्हणतात. नणंदेने तीन हजारांची पावडर आणून दिली आहे. वास नाही, चव नाही, वरणात कालवून द्यायची, एकवीस दिवसांत दारूचं नाव काढणार नाहीत म्हणे. डबा अजून फोडलेला नाही. देऊ का? डॉक्टरकडे नेलं तर शाळेत कळेल, ही भीती आहे.
— लातूर जिल्हा, वय ३६

ताई, डबा फोडू नका. पैसे गेले ते गेले.

त्यात काय आहे ते मला सांगता येणार नाही. विकणाऱ्याला तरी ठाऊक असेल की नाही, शंकाच आहे. नुसती झाडपाल्याची भुकटी असेल तर काही होणार नाही, एवढाच तोटा. पण डायसल्फिरामची गोळी कुटून घातलेली असेल तर प्रकरण गंभीर आहे. ही गोळी खरी आहे, जुनी आहे, मानसोपचारतज्ज्ञ ती देतात. दारू पोटात गेली की यकृत ती फोडतं. त्यात मधल्या टप्प्यावर एक विषारी द्रव्य तयार होतं आणि शरीर ते लगेच पुढे ढकलतं. ही गोळी तो पुढचा रस्ता अडवते. मग तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. माणूस दगावूही शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ज्याने स्वतः, समजून उमजून, डॉक्टरसमोर गोळी घेतली आहे तो या भीतीने बाटलीला शिवत नाही. म्हणजे खरं औषध ती भीतीच. ज्याला पत्ताच नाही तो नेहमीसारखी क्वार्टर लावणार.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. नव्वदच्या दशकात ओळखीच्या एका बाईंना मी याच गोळ्यांच्या तीन स्ट्रिपा चिठ्ठीशिवाय दिल्या होत्या. त्यांनी भाजीतून घातल्या. आठ दिवसांनी एका हळदीच्या जेवणात नवरा प्यायला आणि त्याला जीपमध्ये आडवा घालून सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. वाचला. पण शुद्धीवर आल्यावर काय घडलं ते त्याला कळलं आणि त्यानंतर दोन वर्षं तो घरी जेवला नाही. खानावळीत जेवायचा, पाणीसुद्धा बाहेरचं. दारू सुटली नाही ती नाहीच. बाई मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. दुकानासमोरून जायची वेळ आली की रस्ता ओलांडून पलीकडून जायच्या, तेवढंच.

आता ‘एकच क्वार्टर’ बद्दल. मीही हेच म्हणायचो. क्वार्टर म्हणजे १८० मिली. विलायती दारूच्या लेबलावर बारीक अक्षरांत ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. गुणाकार केला तर शुद्ध अल्कोहोल होतं ७७ मिली, वजनाने साधारण ६० ग्रॅम. डॉक्टर मंडळी १० ग्रॅमचं एक माप धरतात. म्हणजे गुरुजींची रोजची सहा मापं झाली, तीही रविवार, दिवाळी न चुकवता. हा गुणाकार त्यांच्या तोंडावर फेकू नका. तो तुमच्यासाठी आहे, म्हणजे ‘तसं फार नाही घेत’ हे वाक्य तुमच्या मनातून जाईल.

शाळेत कळेल म्हणता. ताई, गुरुजी पितात हे गावात सगळ्यात आधी पोरांना कळतं. वासावरून कळतं, आणि पाचव्या तासाला फळ्यावरची अक्षरं कशी होतात त्यावरूनही. शाळेला जे ठाऊक नाही ते एवढंच, की घरचे काही करत आहेत. देशात २०१९ मध्ये सरकारने दिल्लीच्या एम्सकडून मोठी पाहणी करून घेतली होती. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकाला कसले तरी उपचार मिळतात, असं त्यात निघालं. उरलेल्या सदतीस घरांत काय चाललं असेल? कुणीतरी मुख्याध्यापकांना फोन करून ‘त्यांना ताप आहे’ सांगत असेल. तुम्हीही करता ना? तो फोन आधी थांबवा. उशीर झाला तर त्यांनाच फोन करू द्या.

बोलायचं ते सकाळी, चहाच्या वेळी, ते शुद्धीत आणि थोडे ओशाळलेले असतात तेव्हा. रात्री एक शब्द नाही. ‘तुम्ही दारुडे’ असं म्हणू नका. काय घडलं तेवढं सांगा: मंगळवारी गाडी पडली, धाकटीच्या स्नेहसंमेलनाला आला नाहीत, हप्ता चुकला. आणि एकच मागणी ठेवा, माझ्यासोबत एकदा डॉक्टरकडे चला. ‘सोडा’ ही मागणी आज नको, ती त्यांना झेपणार नाही आणि खोटं वचन देऊन मोकळे होतील. लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. पाय उचलत नसेल तर आधी १४४१६ वर बोला, ती टेलिमानस सेवा फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. हल्ली दारूची ओढ कमी करणारी औषधंही आहेत, नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट. ती डायसल्फिरामसारखी शिक्षा करत नाहीत. कोणाला कोणतं द्यायचं ते यकृत, मूत्रपिंड तपासून ठरतं.

आणखी एक. तुमच्या पत्रात मधली एक ओळ गिरवून गिरवून खोडली आहे. ती मी उजेडात धरून वाचलेली नाही. ती हात उगारण्याबद्दल असेल, तर वरचं सगळं नंतर. आधी ११२ किंवा महिलांसाठीचा १८१. नवरा आजारी आहे म्हणून मार खायचा, असं कुठल्याही उपचारात लिहिलेलं नाही.

*

वडील दरवर्षी गटारीला शेवटची पितात आणि श्रावणभर शिवत नाहीत. यंदा तिसऱ्या दिवशी चादरीवरून मुंग्या वेचायला लागले. मुंग्या नव्हत्या. रात्री गोठ्यात जाऊन मेलेल्या आजोबांशी बोलत होते, अंगाला दरदरून घाम. गावातल्यांनी बाधा आहे म्हणून देवऋषाकडे नेलं. चौथ्या दिवशी चुलत्यांनी दारू पाजली आणि ते शांत झाले. आता नवरात्रात पुन्हा सोडणार म्हणतात. देवऋषाकडे आधीच नेऊन ठेवू का?
— धाराशिव जिल्हा, वय २२

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण त्यातला दुसरा दिवस माझा आहे. २००१ चा श्रावण. गटारीला मनसोक्त प्यायलो, आता महिनाभर नाही अशी शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, एका आजीला खोकल्याची बाटली कागदात गुंडाळून देत होतो, तेवढंच आठवतं. पुढचं लोकांनी सांगितलं. मी आखडलो, काउंटरच्या काचेवर तोंडावर आपटलो, फेस आला. पुढचा दात तेव्हाच गेला. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. औषधाच्या दुकानात, चारही बाजूंनी औषधं, आणि चप्पल!

ही बाधा नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीशी झगडत असतो. ती सतत ब्रेक दाबते म्हणून हा सतत अॅक्सिलरेटर दाबून ठेवतो. वर्षानुवर्षं असं चालतं. मग एका अमावास्येला तू ब्रेक काढून घेतोस आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय मात्र तिथेच. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम, मळमळ, झोप नाही. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: मुंग्या, साप, मेलेली माणसं, वेळ-काळाचं भान नाही, ताप, नाडी सुसाट. तुझ्या वडिलांचं तेच झालं. यात उपचार मिळाले नाहीत तर माणसं मरतात. चुलत्यांनी पाजल्यावर ते शांत झाले, कारण ब्रेक परत दाबला गेला. त्यांना शहाणपण सुचलं असं समजू नकोस, पण त्या रात्री त्यांनी देवऋषापेक्षा बरं केलं, हेही खरं.

म्हणून नवरात्रात घरच्या घरी एकदम बंद करायचं नाही. एकदा असा भ्रम झालेल्याला पुढच्या वेळी तो होण्याची शक्यता जास्त असते. हे वाक्य वडिलांना दाखव. पुन्हा प्यायला परवानगी दिली, असा अर्थ त्यांनी काढायचा नाही. घटाच्या आधी आठ दिवस जिल्हा रुग्णालयात जा, तिथे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं. सांग: रोज किती, किती वर्षं, शेवटचा घोट कधी, आणि श्रावणात काय झालं. मुंग्यांचं सांगायला लाजू नकोस, डॉक्टर त्यावरूनच भरती करायचं की नाही ते ठरवतील. भरती केलं तर पाच-सात दिवस गुंगीची औषधं देऊन ती हळूहळू उतरवत आणतात, म्हणजे ब्रेकवरचा पाय सावकाश काढतात. सोबत बी-वनची इंजेक्शनं. पिणाऱ्याच्या अंगात हे जीवनसत्त्व उरलेलं नसतं आणि त्याच्या अभावी स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. गावाकडे अशक्तपणा आला की आधी ग्लुकोजची बाटली चढवतात. तुम्ही मात्र तिथे असाल तर अगदी नम्रपणे विचारायचं, ‘साहेब, बी-वन दिलं का?’ बी-वन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर अशा माणसाचा त्रास वाढू शकतो. हे विचारल्याबद्दल एखादा डॉक्टर रागावेलही. रागावू दे.

मधेच फीट आली किंवा पुन्हा मुंग्या दिसायला लागल्या तर १०८. कुशीवर वळवून ठेवा, तोंडात काही घालू नका. चप्पल पायातच राहू द्या.

मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणून घरी सोडवू नकोस. मी दुकानदार होतो म्हणून सांगतो, मागितल्या तर कुणीतरी देईल.

*

मुलगा १९ वर्षांचा, डिप्लोमाला आहे. गादीखाली खोकल्याच्या औषधाच्या अकरा रिकाम्या बाटल्या आणि गोळ्यांची पाकिटं सापडली. त्याचे मित्र त्या गोळ्यांना ‘बटन’ म्हणतात. दिरांनी एका केंद्राचा नंबर दिला आहे. ते रात्री गाडी पाठवून उचलून नेतात, शेजाऱ्यांना कळत नाही. चार महिने भेट नाही, फोन नाही. महिना अठरा हजार. पोलिसांची भीती वाटते म्हणून कुणाला विचारलं नाही.
— नाशिक जिल्हा, एक आई

ताई, रात्रीची गाडी बोलावू नका. शेजाऱ्यांना कळत नाही हे त्या केंद्राचं मोठेपण नव्हे. चार महिने आईलाही काही कळत नाही, याचा विचार करा.

सगळी खासगी केंद्रं वाईट नसतात. पण जिथे जाल तिथे हे विचारा. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, प्रमाणपत्र भिंतीवर दिसतं का? मानसोपचारतज्ज्ञ कोण, आठवड्यातून किती वेळा स्वतः येतात? रात्री फीट आली तर कोण बघतं? फोन कधी करू देता? राहायची खोली दाखवता का? शेवटच्या प्रश्नाला ‘आत जाता येत नाही’ असं उत्तर आलं की चप्पल घालून उठा. मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा व्यसनालाही लागू आहे. साखळीने बांधणं त्यात साफ मना आहे. मुलगा १९ वर्षांचा आहे, सज्ञान आहे. त्याच्या मनाविरुद्ध भरती करायची तर दोन तज्ज्ञांनी, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, स्वतंत्रपणे तपासावं लागतं, आणि तीही सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी. गाडीतल्या चार पैलवानांना हा अधिकार कुणी दिलेला नाही.

आता बाटल्यांचं. त्या मी विकलेल्या आहेत. तुमच्या मुलाला नाही, पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी मुलाला. खोकला नसलेली, केस नीट विंचरलेली पोरं संध्याकाळी यायची, एकेक बाटली न्यायची आणि सुटे परत मागायची नाहीत. मला कळत होतं. आत सलाईनच्या खोक्यामागे माझीही बाटली होती, तर मी कुणाला हटकणार? २०१४ पासून कोडीन, अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, ट्रामाडॉल ही औषधं विकताना रोग्याचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं सांभाळावं लागतं. त्याला आम्ही एच-वनचं रजिस्टर म्हणतो. रजिस्टर आल्यावर फरक पडला, पण काही दुकानांत अजूनही एकाच डॉक्टरच्या नावाने अख्खं पान भरलेलं सापडेल.

रिकामी पाकिटं आणि बाटल्या फेकू नका. पिशवीत घालून डॉक्टरकडे न्या, कारण नेमकं कोणतं औषध आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं. सिरपमधलं कोडीन अफूच्या कुळातलं. ते बंद झालं की जांभया, नाक-डोळे गळणं, हाडं ठणकणं, जुलाब, अंगावर शहारे. दिसायला भयंकर, पण सहसा जिवावर बेतत नाही, आणि त्यावर चांगली औषधं आहेत. ‘बटन’ म्हणजे बहुतेक वेळा झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या असतात. तुमच्याच जिल्ह्यात मालेगावकडे त्यांना ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. त्या एकदम बंद केल्या तर दारूसारखीच फीट येऊ शकते. त्यामुळे ‘आजपासून खोलीत कोंडून ठेवते’ हा उपाय करू नका. जिवावर बेतेल.

दुसरा धोका कुणी सांगत नाही. चार महिने कोंडून ठेवलेल्या पोराच्या शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर आल्यावर तो जुन्या अंदाजाने जुना डोस घेतो, आणि तो आता त्याला पेलत नाही. सुटून आल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पोरं दगावतात ती अशी. म्हणून कोंडण्यापेक्षा नंतरचा पाठपुरावा महत्त्वाचा. केंद्र निवडताना ‘बाहेर आल्यावर वर्षभर काय करता?’ हा प्रश्न पैशांच्या आधी विचारा.

पोलिसांची भीती: १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातच ६४-अ हे कलम आहे. स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला स्वतःच्या सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणासाठी खटल्यापासून संरक्षण मिळतं. विकणाऱ्याला नाही. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. जवळचं सरकारमान्य केंद्र तिथे विचारा.

आणि मुलाला उद्या सकाळी सांगा की मला बाटल्या सापडल्या. अकरा मोजल्यात तेही सांगा. तो चिडेल, मित्राच्या आहेत म्हणेल. वाद घालू नका. ‘बरं, मग आपण दोघं तपासून येऊ’ एवढं म्हणा आणि चार दिवसांनी पुन्हा म्हणा.

*

पंढरपूरला जाऊन माळ घातली की दारू सुटते असं आमच्या गावात दहा जणांचं उदाहरण आहे. तुम्ही नेहमी डॉक्टरच का सांगता?
— माढा तालुका

माळ घालून सुटलेले मीही पाहिलेत, माझा सख्खा मामा त्यातला. थट्टा करणार नाही. माळेत काय काय येतं बघा: चार लोकांसमोर घेतलेली शपथ, संध्याकाळी जायला गुत्त्याऐवजी भजनाचा पार, नवी संगत, आणि समोर ग्लास आला की ‘माळकरी आहे’ एवढा एकच शब्द, ज्यावर महाराष्ट्रात कुणी वाद घालत नाही. व्यसनमुक्ती केंद्रात आम्ही याच चार गोष्टी उभ्या करायला महिना घालवतो.

पण ते दहा जण तुम्हाला दिसतात, कारण ते पारावर बसतात. माळ काढून खुंटीला लावलेले किती, ते कुणी मोजत नाही. आणि रोज पिणाऱ्याने माळ घालून एकदम बंद केलं तर वर धाराशिवच्या पोराने लिहिलंय तेच होऊ शकतं. आधी आठ दिवस दवाखाना, मग माळ. विठोबा एवढा थांबेल. त्याला युगं अठ्ठावीस उभं राहायची सवय आहे.

*

सात महिने झाले, थेंब नाही. सेंट्रिंगचा ठेकेदार आहे. पण बायको अजून पाकिटातले पैसे मोजते, मित्र म्हणतात ‘एकाने काय होतंय’, आणि स्लॅब पडल्यावर पार्टी तर द्यावीच लागते. सगळ्यांनी जुनं विसरावं यासाठी काय करू?
— सांगोला तालुका, वय ४१

दादा, सात महिने म्हणजे लहान गोष्ट नाही. अभिनंदन.

विसरणार नाहीत. बार्शीत अजून एक जण मला ‘मेडिकलवाले’ म्हणताना डावा डोळा किंचित मारतो. बायको पैसे मोजते तर मोजू द्या, उलट तुम्हीच पाकीट काढून द्या. तिने किती वर्षं मोजले आणि कमी भरले, याचा हिशेब तिच्याकडे आहे. सात महिन्यांत तो फिटायचा नाही. माझ्या बायकोने माझ्या तोंडाचा वास घेणं थांबवलं तेव्हा मला सोडून चार वर्षं झाली होती. थांबवलं हेही मला दोन महिन्यांनी लक्षात आलं.

स्लॅबच्या पार्टीला मटण-भाकरी द्या. दारूचे पैसे तुमच्या खिशातून नकोत, आणि जेवण वाढून झालं की निघा. ‘डॉक्टरने बंद केलीय’ हे वाक्य सुरुवातीला सोपं पडतं, पण त्यावर लोक डॉक्टर बदलायला सांगतात. मी ‘मला पचत नाही’ म्हणतो. ओढ लागली तर ती साधारण अर्ध्या तासाची असते. चढते, शिगेला जाते, उतरते. तेवढा वेळ काढायचा: फोन, चालणं, आधी पोटभर खाणं. सेंट्रिंगच्या कामात दुपारचं जेवण चुकतं आणि संध्याकाळी भूक आणि ओढ यांतला फरक कळत नाही. डबा सोडू नका.

एकट्याने चालवू नका. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनी सुरू केली, त्यातला एक डॉक्टर होता. आज तिच्या सभा मराठीतून आपल्याकडे गावोगाव भरतात, एखाद्या शाळेच्या वर्गात, समाजमंदिरात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. घरच्यांसाठी अल-अॅनॉन वेगळं आहे. लहान गावात तुम्ही म्हणाल, तिथे ओळखीचं कुणी भेटलं तर? भेटेलच. मला पहिल्या सभेत माझ्या दुकानाचा थकबाकीदार भेटला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. उधारी मी परत कधी मागितली नाही आणि त्याने दिलीही नाही, हे मात्र जरा जास्तच झालं.

*

तुम्ही सोडल्यानंतर परत कधी प्यायलात का? खरं सांगा.
— पोस्टकार्ड, सही नाही, शिक्का वाचता येत नाही

हो.

२००३ साली मी पुण्याच्या मुक्तांगणमध्ये पस्तीस दिवस राहून आलो. डॉक्टर अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं ते केंद्र. पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीवर उभं राहिलं. मी गेलो तेव्हा मोठ्या मॅडम, म्हणजे डॉक्टर अनिता, हयात नव्हत्या, पण तिथला प्रत्येक जण त्यांची शिस्त त्या शेजारच्या खोलीत असल्यासारखी पाळायचा. तिथून आल्यावर पाच वर्षं आणि काही महिने नीट गेले. इतके नीट, की रविवारच्या सभेला जाणं मी हळूहळू कमी केलं. दुकान आहे, लग्नसराई आहे, आणि आता आपल्याला काय गरज.

२००९ च्या मे महिन्यात पुतण्याचं लग्न होतं. दुःख नव्हतं, भांडण नव्हतं, कुणी आग्रहही केला नाही. मांडवामागे आचाऱ्याचं पातेलं बघायला गेलो, तिथे दोघं बसले होते, मी म्हटलं घाल थोडी. थोडीच प्यायलो. दुसऱ्या दिवशी थोडी जास्त. चौथ्या दिवशी सलाईनच्या खोक्यामागची जागा मला न शोधता सापडली. असे अकरा दिवस.

बारावा दिवस रविवार होता. बायको काही बोलली नाही, तिने फक्त दुकानाच्या किल्ल्या भावाकडे पाठवून दिल्या होत्या. मी सभेला गेलो, शेवटच्या बाकावर बसलो. माझी पाळी आली तेव्हा खिशातून पाच वर्षांचं पदक काढून टेबलावर ठेवलं आणि अकरा दिवसांचं सांगितलं. मला वाटलं, कुणीतरी ते उचलून परत हातात देईल. तिथे एक म्हातारे सुतार होते, त्यांनी ते जिथे होतं तिथेच राहू दिलं. चहाचा कप पुढे सरकवला आणि विचारलं, पुढच्या रविवारी खुर्च्या मांडायला लवकर येता का.

गेलो. अजून मीच मांडतो.